मिठाआधी

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार.
मीठ यायला अजून महिना आहे.

आमच्या पायांखाली, हजार फुटांहून खोल,
मिठाची खाण आहे.
हिवाळ्यात डेट्रॉइटच्या रस्त्यांवर मीठ पडतं
आणि इथंच जन्मलेल्या गाड्यांचे
दरवाजे खालून खात सुटतं.
माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मिठावर तसं काही बंधन नाही.

आजोबा – आम्ही त्यांना जाजा म्हणतो –
सकाळी सातलाच गॅरेजचं शटर वर करून बसलेत.
एकतीस वर्षं कारखान्यात, रंगखात्यात तपासनीस.
ट्यूबलाइटच्या लांब बोगद्यातून
एकामागून एक नव्याकोऱ्या गाड्या सरकायच्या
आणि हे मेणाच्या पेन्सिलीनं
खोटीभोवती गोल काढायचे.
आता त्यांच्या डोळ्यांत बरोबर मधोमध धुकं आहे.
कडेकडेचं दिसतं.
ऑगस्टात लायसन्स गेलं,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

शेजारचा मुस्लेह कुंपणावरून बाटली पुढे करतो,
"हे मारा. सिरॅमिक. फवारा, पुसा,
वर्षभर बघायला नको."
जाजा झाकण उघडून हुंगतात. परत देतात.
"वर्षभर बघायचं नसेल
तर गाडी ठेवायची कशाला?"

फळीवर दोन डबे.
एकातलं मेण कारखान्यात घडवलेलं, टिकाऊ,
चमक मात्र थंड, बँकेच्या काचेसारखी.
दुसऱ्यात कार्नौबा:
ब्राझीलमधल्या एका ताडानं
उन्हात पानं सुकू नयेत म्हणून
स्वतःच्या अंगावर चढवलेलं मेण.
"झाडाला कळतं," जाजा म्हणतात.
"पण त्या झाडानं बर्फ कुठं पाहिलाय?" मी.
शेवटी ठरतं, खाली ते, वर हे.

ब्युइक सावलीत. पत्रा गार आहे ना,
ते गालानं बघतात, बाळाचा ताप बघावा तसा.
धुतली, मातीच्या वडीनं घासली, पुसली.
"बोटभर घे. नाही, बोटभर म्हणजे नखभर.
जाड लावतो तो कंजूष."
मला कळत नाही. ते सांगत नाहीत.
स्पंज गोल फिरतो, एका वेळी एकच दार.
काळ्या प्लॅस्टिकला लागू द्यायचं नाही,
पांढरे डाग पडतात आणि जन्मभर सोबत करतात.
मग थांबायचं.
मेणावर धुरकट साय धरते.
बोट ओढलं की खाली लख्ख रेघ उमटली
तर पुसायला घ्यायचं.

आम्ही थांबतो. मुस्लेहची मुलगी चहा घेऊन येते, वेलदोड्याचा.
जाजा कप रेडिओवर ठेवतात. मी उचलून खाली ठेवते.

दुपारी दीड वाजता ते म्हणतात, "पिशवी दे."
सँडविचची पातळ पिशवी, हातात मोज्यासारखी.
पिशवीतून बोटांना कणही डोंगराएवढा लागतो.
बॉनेटपासून सुरुवात करतात,
डोळे मिटून, कारण उघडून काय फरक पडतो.
"इथं पुसलं नाहीस." पेट्रोलच्या झाकणामागे.
खरंच नव्हतं पुसलं.
"इथं दोनदा लावलंस." तेही खरं.

मग मागच्या डाव्या दारापाशी हात थांबतो.
तिथं एक खळगा आहे, पावाच्या तुकड्याएवढा.
स्ताशा आजीची ट्रॉली, किराणा दुकानाचा पार्किंग लॉट,
तीन दिवसांचा अबोला.
मी तिथं घाईनं पुसलं होतं,
मेण खळग्याच्या तळाशी पांढरं राहिलं होतं.
मी फडकं उचलते.

"असू दे," म्हणतात.
हात काढत नाहीत.

चावी त्यांनी मला दिली ती साडेतीनला,
सँडविचच्या त्याच पिशवीत घालून.
आणि सांगितलं,
मिठाचा ट्रक पुढे असेल तर अंतर ठेव,
आणि घाई नसेल त्या दिवशी
मिशिगन अॅव्हेन्यूवरून
थोडं हळू ने, मलाही घेऊन.